हातातील जी. पी. एस. यंत्रावरील उपग्रहचित्र : त्यावर कितपत विसंबावे ?

मातीचा नमुना घेतलेले ठिकाण पुन्हा सापडेल अशा रीतीने टिपून ठेवणे, शेततळ्याची जागा नोंदविणे, पाणलोट क्षेत्रातील बांधबंदिस्तीची कामे पाहणे, अशा अनेक प्रसंगी स्थान दाखविणारे जी. पी. एस. यंत्र आता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या नित्य वापरात आले आहे. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. तीत बागायती क्षेत्रात २.५ हेक्टरांस एक व जिरायती क्षेत्रात १० हेक्टरांस एक या प्रमाणात मातीचे नमुने घेताना ठिकाणाची नोंद याच साधनाने करण्याची पद्धत ठरविण्यात आली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाल्यावर हे साधन शेतकऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलमधूनही काम करू लागले.

अशा यंत्राच्या पडद्यावर पुष्कळदा उपग्रहाने घेतलेले जमिनीचे चित्र दिसते आणि यंत्र हातात घेतलेला मनुष्य जेथे उभा असेल तेथे एक लहानसा ठिपका किंवा बाण दिसतो. चित्रात बांध, विहीर, घराचे छप्पर ओळखू येत असल्यामुळे पाहणाऱ्याचा त्यावर चटकन विश्वास बसतो. मग आपल्या बांधावर उभे राहिले असता ठिपका पलीकडच्या शेतात दिसला, की शेजाऱ्याने जमीन दाबली अशी शंका मनात येते. चित्रात सपाट दिसणाऱ्या पायवाटेने जावे, तर वाटेत पाण्याने भरलेला ओढा आडवा येतो. यंत्र बिघडलेले नसतानाही असे घडते. चित्र स्पष्ट असणे ही एक गोष्ट आणि ते योग्य जागी व योग्य काळाचे असणे ही दुसरी गोष्ट होय. हा भेद ध्यानात आला म्हणजे या साधनाचा उपयोग निर्धास्तपणे करता येतो.

दोन प्रकारचे उपग्रह

पडद्यावर जे दिसते त्यात दोन निरनिराळ्या उपग्रहांचे काम एकत्र आलेले असते. स्थान सांगणारे जी. पी. एस. उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्याकडून जमिनीचे चित्र येत नाही. ते केवळ वेळेचा व आपल्या जागेचा संदेश पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र स्वतःची जागा गणिताने काढते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर असल्यामुळे वेळेत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते.

चित्र घेणारे उपग्रह त्यामानाने पुष्कळ खालून, साधारणपणे ५०० ते ९०० किलोमीटर उंचीवरून जातात. त्यांनी घेतलेली चित्रे जमिनीवरील केंद्रात उतरवून, दुरुस्त करून, एकमेकांना जोडून मग नकाशाच्या भांडारात ठेविली जातात. तेथून ती यंत्रात येतात. तेव्हा ठिपका त्या क्षणाचा असतो आणि चित्र जुने असते. वापरणारा चालू लागला की ठिपका चालतो म्हणून चित्रही त्याच क्षणी आकाशातून येत आहे, असा पुष्कळांचा समज होतो. तो निराधार आहे.

ठिपक्याची चूक व चित्राची चूक यांचा एकमेकींशी संबंध नाही. कधी त्या एकमेकींना झाकतात, तर कधी त्यांची बेरीज होते.

चित्राची बारकाई

उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. त्यांस पिक्सेल म्हणतात. एका चौकोनात जमिनीचा जेवढा तुकडा येतो, त्या सर्वांचा मिळून एकच रंग नोंदला जातो. धान्य चाळताना चाळणीच्या भोकाहून लहान दाणा खाली पडतो, त्याप्रमाणे चौकोनाहून लहान वस्तू चित्रातून बहुधा निसटते.

शेतकऱ्यास हे माप गुंठ्यात चांगले समजेल. मोजणीची ३३ फुटांची साखळी म्हणजे सुमारे दहा मीटर, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. भारताचा आय. आर. एस. १-ए हा उपग्रह १९८८ साली सोडण्यात आला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन ७२.५ मीटरांचा होता, म्हणजे सुमारे एक एकर बारा गुंठे जमिनीस मिळून चित्रात एकच रंग असे. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील २०१३ सालच्या लँडसॅट ८ उपग्रहाचा रंगीत चित्राचा चौकोन ३० मीटरांचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा, ज्यांपैकी पहिला २०१५ साली सोडला गेला, सर्वांत बारीक चौकोन दहा मीटरांचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा आहे. भारताच्या रिसोर्ससॅट-२ (२०११) वरील लिस-४ कॅमेऱ्याचा चौकोन ५.८ मीटरांचा, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. कार्टोसॅट-१ (२००५) चा २.५ मीटरांचा, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ चा सुमारे पाव मीटरचा आहे.

यावरून असे दिसेल, की दहा मीटरांच्या चित्रात पाच-सहा मीटर व्यासाची विहीर शेजारच्या पिकाच्या रंगात मिसळून जाईल. बांध तर त्यात मुळीच मोजता येणार नाही. अर्ध्या मीटरच्या चित्रात मात्र विहीर, गोठा व रुंद बांध वेगळे ओळखू येतील. एका बाबतीत सावध राहावे. आजूबाजूच्या काळ्या जमिनीत पांढऱ्या मुरुमाची वाट असली, तर ती चौकोनाहून अरुंद असूनही त्या चौकोनाचा रंग पालटविते आणि चित्रात दिसते. पण तिची रुंदी तेथे संपूर्ण चौकोनाएवढी भासते. म्हणून वस्तू दिसली एवढ्यावरून तिचे माप घेऊ नये.

चित्र पडद्यावर मोठे केल्याने बारकाई वाढत नाही. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरले असता केवळ ठिपके मोठे दिसतात, चेहरा अधिक स्पष्ट होत नाही, तसेच हे आहे. काही यंत्रे मोठे केलेले चित्र गुळगुळीत करून दाखवितात. त्या गुळगुळीतपणास बारकाई समजू नये.

यंत्रात भरताना चित्राची होणारी झीज

मूळ चित्र उत्तम असूनही हातातील यंत्रावर ते अंधूक दिसते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण जागेचे. पाच किलोमीटर लांब व पाच किलोमीटर रुंद शिवाराचे अर्ध्या मीटरचे चित्र घ्यावयाचे म्हटले, तर दहा कोटी चौकोन होतात. एवढे चित्र लहान यंत्रात मावावे व झरझर हलावे म्हणून ते दाबून लहान केले जाते. दाबताना बारीक रेषा प्रथम जातात. चित्र उतरवून घेताना गुणवत्तेचा पर्याय विचारला जातो. तेथे मोठे क्षेत्र व हलकी गुणवत्ता निवडण्यापेक्षा कामापुरते लहान क्षेत्र व उच्च गुणवत्ता निवडणे हितावह असते.

दुसरे कारण यंत्राच्या मर्यादेचे. काही प्रचलित हातयंत्रांत वापरणाऱ्यास स्वतःचे चित्र भरता येते. परंतु चित्राचा एक तुकडा लांबी-रुंदीस १०२४ पिक्सेलांहून मोठा असल्यास यंत्र तो लहान करून घेते, व असे शंभरच तुकडे चालतात. वर सांगितलेले पाच किलोमीटरांचे शिवार एकाच तुकड्यात भरले, तर प्रत्येक चौकोन जवळजवळ पाच मीटरांचा होईल. तेच एक किलोमीटरच्या पंचवीस तुकड्यांत भरले, तर एक मीटरचा. आणि अर्ध्या किलोमीटरच्या शंभर तुकड्यांत भरले, तर अर्ध्या मीटरचा चौकोन मिळेल. चित्र तेच, यंत्रही तेच; केवळ भरण्याच्या पद्धतीने दहापट फरक पडतो.

तिसरे कारण पडद्याचे. काही हातयंत्रांचा पडदा सुमारे तीन इंचांचा असून त्यावर आडवे २४० व उभे ४०० ठिपके असतात. अर्ध्या मीटरचे चित्र पूर्ण बारकाईने पाहावयाचे, तर अशा पडद्याच्या रुंदीत १२० मीटरच जमीन मावते. संपूर्ण शिवार एकदम पाहू गेल्यास बारकाई झाकली जाणारच.

रानात मोबाईलचे जाळे नसले तरी स्थान सांगण्याचे काम यंत्र करू शकते, कारण उपग्रहाचा संदेश त्यास थेट मिळतो. चित्र मात्र आधी उतरवून ठेवलेले नसल्यास दिसणार नाही. हे काम कार्यालयात अथवा घरी, निघण्यापूर्वी करून ठेवावे.

चित्र केव्हाचे ?

पावसाळ्यात आकाश ढगांनी झाकलेले असल्याने साध्या कॅमेऱ्यास जमीन दिसत नाही. त्यामुळे नकाशाच्या भांडारातील चित्रे बहुधा पावसाळा संपल्यानंतरच्या, निरभ्र महिन्यांतील असतात. परिणामी जुलै महिन्यात जो मनुष्य ओढ्याकाठी उभा असतो, त्याच्या पडद्यावर मार्च-एप्रिलमधील कोरडा ओढा दिसत असतो. चित्रातील पायवाट ओढ्यातून सरळ पलीकडे गेलेली दिसली, म्हणून ती पावसाळ्यात उतरण्याजोगी आहे असे मुळीच मानू नये. पूर आलेल्या ओढ्याच्या बाबतीत गावातील जाणत्या माणसाचा शब्द यंत्राहून अधिक मोलाचा आहे.

त्याखेरीज चित्र काही वर्षांपूर्वीचे असणेही शक्य आहे. त्यानंतर नवी विहीर खणली गेली असेल, बांध मोडून दोन शेते एक झाली असतील, पांद रस्ता अडला असेल. मोठे चित्र अनेक दिवसांच्या तुकड्यांचे जोडलेले असते, त्यामुळे एकाच गावाचा अर्धा भाग एका वर्षाचा व अर्धा दुसऱ्या वर्षाचा असू शकतो. शिवारात मध्येच सरळ रेषेत रंग पालटलेला दिसला, तर तो बहुधा असा सांधा असतो. तेथे जमिनीचा कस पालटला आहे असे समजू नये. पिकाची आजची स्थिती पाहावयाची असल्यास तारीख दिलेले चित्रच घ्यावे. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात व त्यांची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांची बारकाई गुंठ्याएवढी असली, तरी अनेक एकरांच्या क्षेत्रात पीक कोठे पिवळे पडले आहे हे समजण्यास ती पुरते.

चित्र जागेवर न बसण्याची कारणे

उपग्रह नेहमीच जमिनीच्या बरोबर डोक्यावरून चित्र घेत नाही, कित्येकदा तिरक्या नजरेने घेतो. सपाट रानात याने फारसे बिघडत नाही. डोंगराळ मुलखात मात्र उंच जागा चित्रात एका बाजूस सरकलेली दिसते. ही सरक काढण्यासाठी जमिनीच्या उंचीचा नकाशा वापरावा लागतो, आणि त्या नकाशातच चूक असली तर सरक काही अंशी राहून जाते. कॅमेरा २० अंश तिरका असताना उंचीत ३० मीटरांची चूक झाली, तर चित्र सुमारे ११ मीटर सरकते. सह्याद्रीच्या उतारावर सलग समतल चर आखणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी चूक नकाशाच्या आधाराची असते. जी. पी. एस. यंत्र पृथ्वीच्या आकाराचे डब्ल्यू. जी. एस. ८४ या नावाचे माप वापरते. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट मापावर आधारलेले आहेत. अशा जुन्या नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे यंत्रात भरले, तर महाराष्ट्रात ठिकाण शंभर मीटर किंवा त्याहून अधिक दूर पडते.

तिसरी चूक लिहिण्याची आहे, आणि ती सर्वांत सोपी असून सर्वांत मोठी आहे. १९ अंश ३० मिनिटे म्हणजे दशांश पद्धतीने १९.५० अंश. ते कोणी १९.३० असे लिहिले, तर ठिकाण सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेस जाते. दशांश अंशात लिहावयाचे तर दशांश चिन्हानंतर पाच आकडे लिहावेत. अक्षांशाचा पाचवा आकडा सुमारे एका मीटरचा असतो. नोंदवहीत कोणती पद्धत वापरली आहे हे पानाच्या माथ्यावरच लिहून ठेवावे.

ठिपक्याची चूक

२ मे २००० पूर्वी अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशात हेतुपुरस्सर चूक मिसळीत असे. ती प्रथा त्या दिवशी बंद झाल्यावर हातयंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली. आज मोकळ्या आकाशाखाली चांगले हातयंत्र किंवा मोबाईल साधारणतः तीन ते पाच मीटरांच्या आत जागा दाखवितो. दाट आमराईत, उंच उसात, खोल नाळीत किंवा कड्याच्या पायथ्याशी संदेश अडतो अथवा कड्यावर आपटून उशिरा येतो, आणि चूक वाढते. पडद्यावर "३ मीटर" असा अचूकतेचा आकडा दिसतो, तो यंत्राचा अंदाज आहे. त्यास हमी समजू नये.

तीन मीटरांची चूक लहान वाटते, परंतु क्षेत्रफळ काढताना ती मोठी होते. एक एकराच्या चौरस शेताची कड सुमारे ६४ मीटरांची असते. चारही बाजूंनी रेषा तीन मीटर बाहेर किंवा आत पडली, तर सुमारे सात ते आठ गुंठ्यांचा फरक येतो. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात तोच फरक साडेतीन ते चार गुंठे होईल, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक. प्रत्यक्षात चूक सर्व बाजूंस सारखी नसल्याने फरक बहुधा यापेक्षा कमी येतो. तथापि शेत जितके लहान तितके हे साधन मोजणीस अयोग्य, हा नियम कायम राहतो.

शिवारात करावयाची परीक्षा

नव्या गावात काम सुरू करण्यापूर्वी पुढील परीक्षा अवश्य करावी. तीस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

(१) चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या व जमिनीलगत असलेल्या तीन पक्क्या खुणा निवडाव्यात. दोन रस्त्यांचा चौक, विहिरीचा कठडा, वडाखालच्या पाराचा उघडा कोपरा अशा खुणा चांगल्या. झाडाचा शेंडा किंवा उंच टाकी घेऊ नये, कारण तिरक्या चित्रात ती सरकलेली असते.

(२) यंत्र सुरू केल्यावर मोकळ्या जागेत काही मिनिटे थांबावे. मग प्रत्येक खुणेवर दोन-तीन मिनिटे उभे राहून जागा नोंदवावी. यंत्रात सरासरी काढण्याची सोय असल्यास ती वापरावी.

(३) चित्रातील खूण व नोंदविलेला ठिपका यांत किती अंतर व कोणत्या दिशेस आहे हे वहीत लिहावे.

(४) दुसऱ्या दिवशी निराळ्या वेळी पुन्हा तसेच करावे.

तिन्ही ठिकाणी दोन्ही दिवशी ठिपका एकाच दिशेस व जवळजवळ तितकाच सरकलेला आढळला, तर चित्रच सरकलेले आहे असे समजावे. सरक दर वेळी पालटत असेल, तर चूक यंत्राच्या ग्रहणाची आहे. उपग्रहांच्या जागा पालटतात तशी ठिपक्याची चूक पालटते. चित्राची चूक मात्र चित्र बदलेपर्यंत तशीच राहते. ही सरक कळली म्हणजे त्या परिसरातील पुढील सर्व कामांत ती ध्यानात घेता येते. डोंगर व सपाटी अशा दोन्ही भागांत काम असल्यास परीक्षा दोहोंकडे निरनिराळी करावी.

कोणत्या कामास किती विसंबावे

वाट शोधणे, मातीच्या नमुन्याच्या जागी पुन्हा जाणे, पाणलोटातील कामांची यादी करणे, पिकाची नोंद योग्य गटात झाली की नाही हे पाहणे, या कामांस हे साधन उत्तम आहे. शेततळ्याची किंवा नालाबांधाची जागा चित्रावरून प्रथम हेरावी. परंतु खणावयास सुरुवात करण्यापूर्वी प्रत्यक्ष जागेवर बांधापासूनचे अंतर टेपने मोजून, शेजारच्या खातेदारास समक्ष बोलावून आखणी करावी. तळे एकदा खणल्यावर ते दोन मीटर सरकविता येत नाही.

बांधाची हद्द ठरविण्यास मात्र हे साधन मुळीच वापरू नये. हद्दीचा निर्णय भूमी अभिलेख खात्याच्या रीतसर मोजणीनेच होतो. त्या मोजणीतही उपग्रहांचे संदेश घेणारी रोव्हर यंत्रे वापरतात; पण त्यांना ज्ञात जागेवरील स्थिर केंद्राकडून सतत दुरुस्ती मिळत असल्यामुळे ती काही सेंटिमीटरांपर्यंत नेमकी असतात. हातातील यंत्र व ते यंत्र यांत फार मोठे अंतर आहे. शेजाऱ्याचा बांध ठिपक्याच्या अलीकडे दिसतो म्हणून कोणी वाद उपस्थित केल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने वरील परीक्षा दोन्ही पक्षांसमक्ष करून दाखवावी. तोच ठिपका सकाळी बांधाच्या एका बाजूस व सायंकाळी दुसऱ्या बाजूस पडल्याचे दोघांनी डोळ्यांनी पाहिले, म्हणजे पुष्कळ वाद जागच्या जागी मिटण्यासारखे असतात. तरीही शंका राहिल्यास हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करण्याचा सल्ला द्यावा, आणि तोपर्यंत जुना बांध व हद्दीचे दगड यांस कोणीही हात लावू नये.